हयातीचा दाखला नोव्हेंबरात, फ्लूची लस मात्र मे महिन्यात

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ज्येष्ठांच्या फ्लूच्या लसीवर अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण ह्या विषयावर मराठीत कोणी फारसं लिहीतच नाही. पण लेखाचं हेडिंग होतं थंडीची चाहूल लागली, आता लस घ्या. सोबत फोटोत स्वेटर-मफलर घातलेले एक गोरे आजोबा आणि खिडकीबाहेर बर्फ. आत लिहिलंय की लस घ्यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात उत्तम. आमच्या हिंगण्याच्या बागेतल्या कट्ट्यावर हा पेपर हातोहात फिरला आणि दोघा-तिघांनी लगेच मला विचारलं, काय हो बाई, तुम्ही तर मे महिन्यातच घ्यायला लावत होतात. म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, वय ६८, पण हा विषय मला गेल्या वर्षी घरातच शिकावा लागला आणि त्यातला अर्धा भाग भूगोलाचाच निघाला.

गोऱ्या आजोबांसाठी ऑक्टोबर बरोबरच आहे. त्यांच्याकडे फ्लू थंडीत येतो, डिसेंबर ते फेब्रुवारी. माझी नणंद इंग्लंडात लेस्टरला असते, तिला दर ऑक्टोबरात दवाखान्यातून मेसेज येतो, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाते, फुकट टोचून घेऊन येते, तिकडे ६५ च्या वरच्या सगळ्यांना २००० सालापासून ही लस मोफत आहे. आपल्या देशातही काश्मीरसारख्या भागात फ्लू थंडीतच येतो, तिथल्या लोकांनी ऑक्टोबरातच घ्यावी. पण पुण्या-मुंबईत, कोकणात, जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर असतो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्येही एक छोटी लाट येते, पण मोठी ती पावसाळ्यातलीच. लस टोचल्यावर अंगात तयारी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढे महिन्या-महिन्यानं तिचा जोर उतरत जातो. म्हणजे नोव्हेंबरात घेतलेली लस पुढच्या ऑगस्टपर्यंत, जेव्हा खरी गरज आहे तेव्हा, बऱ्यापैकी ओसरलेली असणार. हे शाळेतल्या पोराला पण कळेल, फक्त कोणी सांगायला पाहिजे.

आता घरातलं सांगते. माझा मोठा भाऊ, आम्ही दादा म्हणतो, वय ७४, २० वर्षांपासून डायबेटिस, एक बायपास झालेली, पण माणूस ठणठणीत, रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जाऊन यायचा आणि येताना कट्ट्यावर तासभर राजकारण. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, पंधरा-वीस दिवसांत नातू ताप घेऊन घरी आला, तीन दिवसांत पोरगं उड्या मारायला लागलं. मग वहिनी दोन दिवस कणकणल्या. मग दादा. फॅमिली डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, हवा बदललीये, सगळीकडे चालू आहे. एक अँटिबायोटिक आणि पॅरासिटॅमॉल दिलं. मी त्यांना दोष देत नाही, पावसाळ्यात त्यांच्याकडे दिवसाला शंभर माणसं तीच तक्रार घेऊन येतात.

पण दादाला ताप असा फारसा चढलाच नाही, १०० च्या आसपास, म्हणून सगळे निवांत. म्हाताऱ्या माणसाला फ्लूत ताप कमीच येऊ शकतो हे आम्हाला नंतर कळलं. पाचव्या दिवशी सकाळी मी गेले तर दादा खुर्चीत बसलेला, बशी ओठाला लावली होती आणि चहा हनुवटीवरून शर्टवर ओघळत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. मला म्हणाला, आई कधी आली. आमची आई जाऊन २६ वर्षं झाली. वहिनी म्हणाल्या रात्रीपासून असंच काहीतरी बोलतायत, झोप नाही म्हणून असेल. मला एकदम कोरोनातलं ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आठवलं, ड्रॉवरमध्ये सापडलं, सेल मेलेले, टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल काढून घातले आणि लावलं तर ८६. परत लावलं, ८७. मग रिक्षा, मग भाच्याला फोन, मग आयसीयू.

तिथे नाकातून स्वॅब घेतला, फ्लू निघाला, एच३एन२ प्रकारचा. छातीत न्यूमोनिया झालेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्यावर ऑसेलटॅमिवीर नावाचं औषध आहे, पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोग, आता उशीर झालाय तरी देतो. नऊ दिवस ठेवलं. तिसऱ्या रात्री छातीत दुखायला लागलं, त्याची वेगळी धावपळ. मी विचारलं फ्लूचा आणि हार्टचा काय संबंध. ते म्हणाले कॅनडात ओंटारियो प्रांतात हे मोजून पाहिलंय, २०१८ साली छापून आलंय, फ्लू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका साधारण सहापट असतो. सहापट! आणि आपण फ्लूला काय म्हणतो, जरा सर्दी-पडसं.

दादा घरी आला, पण तळजाई सुटली ती सुटलीच. आता फाटकापर्यंत जातो आणि वॉचमनच्या खुर्चीत टेकतो. बिल एक लाख ऐंशीच्या पुढे गेलं, मेडिक्लेमनं बरंचसं दिलं. मी नंतर मुद्दाम आमच्या पॉलिसीचं चोपडं काढून वाचलं, आयसीयूचे लाख देतात पण सतराशे रुपयांच्या लसीचे पैसे त्यात बसत नाहीत, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

डिस्चार्जच्या दिवशी त्या डॉक्टरांनी सहज विचारलं, ह्यांना फ्लूची लस दर वर्षी देता ना? आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. २० वर्षं डायबेटिसचा माणूस, दर तीन महिन्यांनी तपासणी, फाइल ही एवढी जाड, आणि त्या फाइलमध्ये कुठेही, एका कागदावरही, लस हा शब्द नाही. कोरोनाची सोडून. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून पूर्ण फाइल चाळली आहे म्हणून खात्रीनं सांगते.

तेव्हा ह्या वर्षी मी एप्रिलपासूनच मागे लागले. आमच्या डॉक्टरांनी आधी म्हटलं तुम्हाला कशाला, तुम्ही फिट आहात, मग दादाचं सांगितल्यावर लिहून दिली पण म्हणाले आम्ही स्टॉक ठेवत नाही, बाहेरून घेऊन या, मी टोचतो. पहिल्या दोन केमिस्टकडे नव्हती. तिसरा म्हणाला ऑर्डर देऊन मागवतो, परत नाही केली जाणार. चौथ्याकडे होती. फ्रिजमधून काढून दाखवली आणि मी सवयीप्रमाणे चष्मा लावून खोका वाचायला घेतला. तारीख बघितली तर एक्सपायरीला दोन महिने. आणि बाजूला बारीक अक्षरात एनएच. त्याला विचारलं हे काय, तो म्हणाला काही नाही आजी, कंपनीचं असतं.

कंपनीचं नसतं. एनएच म्हणजे नॉर्दर्न हेमिस्फिअर, उत्तर गोलार्ध, आणि एसएच म्हणजे दक्षिण. भूगोलाच्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल बघा. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून ठरवते की पुढच्या हंगामाच्या लसीत कुठले स्ट्रेन, म्हणजे विषाणूचे प्रकार, घालायचे. फेब्रुवारीत ठरतं ते उत्तरेच्या पुढच्या थंडीसाठी, सप्टेंबरात ठरतं ते दक्षिणेच्या पुढच्या हंगामासाठी. आता आपला देश नकाशावर सगळा विषुववृत्ताच्या वर, उत्तर गोलार्धात, पण आपला फ्लू येतो ऑस्ट्रेलियावाल्यांच्या थंडीच्या सुमाराला. त्यामुळे एप्रिल-मे-जूनमध्ये आपल्याला जी ताजी मिळते ती एसएच. तेव्हा दुकानात एनएच दिसली तर ती गेल्या थंडीसाठी बनलेली, उरलेली. बेकायदा काही नाही, एक्सपायरीच्या आत आहे, कधीकधी दोन्हींतले स्ट्रेन सारखेही असतात. पण सतराशे रुपये मोजून शिळं का घ्यायचं? भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटसुलट करून बघतो, पिवळं पान दिसलं तर बाजूला ठेवतो, इथे तर टोचून घ्यायचंय.

अजून एक गोंधळ, तोही इथेच सांगून टाकते. पूर्वी चार स्ट्रेनची लस मिळायची, आता तीनवाली पण येते. माझ्या एका मैत्रिणीनं तीनवाली म्हणजे हलकी, सस्ती म्हणून परत केली. तर तसं नाहीये. चौथा जो होता, बी गटातला यामागाता, तो मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीनं सापडलेलाच नाही, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये बहुतेक त्याचा वंशच संपला, म्हणून तो लसीतून काढायला सांगितलाय. तेव्हा तीनवाली मिळाली तर खुशाल घ्या.

बरं, शेवटी तिसऱ्या केमिस्टनं एसएचवाली मागवून दिली. एक माझी आणि एक ह्यांची. जेल पॅकबरोबर पिशवीत घालून दिली. डॉक्टर त्या दिवशी लग्नाला गेलेले, उद्या या म्हणाले. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं लस तेवढी फ्रिजमध्ये ठेवा, आणि मी अंघोळीला गेले. ह्यांनी चांगल्या मनानं दोन्ही खोके वर बर्फाच्या कप्प्यात ठेवले, आइस्क्रीमच्या डब्याशेजारी. का तर म्हणे कोरोनात टीव्हीवर सांगत होते ना की उणे सत्तर लागतं. सकाळी काढल्या तर दोन्ही सिरिंज काचेसारख्या कडक. खोक्यावर स्पष्ट लिहिलंय २ ते ८ डिग्री, गोठवू नका, गोठली तर वापरू नका. जवळजवळ साडेतीन हजार रुपयांची बर्फाची कांडी. हे दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. पण ह्यात चूक एकट्या ह्यांची आहे असं मला वाटत नाही. ६०-७० वर्षांच्या माणसांनी लस पिशवीत घालून मे महिन्याच्या उन्हात गावभर फिरवायची, घरच्या फ्रिजमध्ये सांभाळायची, आणि मग टोचणारा शोधायचा, ही काय पद्धत झाली? लहान मुलांच्या लसीला कोणी आईबापांना सांगतं का की पोलिओचे डोस बाहेरून घेऊन या?

दुसऱ्या वेळी पैसे भरून आणली, तडक दवाखान्यात नेली, सिस्टरनं दंडात टोचली. आम्हाला दोघांना एक दिवस दंड दुखला, ह्यांना रात्री थोडी कणकण, संपलं. जुलैच्या शेवटी मला खोकला झाला होता, चार दिवसांत गेला. तो फ्लू होता की नाही माहीत नाही, तपासला नाही, त्यामुळे लसीमुळे वाचले वगैरे मी म्हणणार नाही.

सरकारी बाजूचंही सांगायला हवं. घराजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी जाऊन विचारलं. राज्य सरकारनं २०१५ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी गर्भवती बायका, डायबेटिस-ब्लड प्रेशरवाले आणि दवाखान्यात काम करणारे ह्यांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा पेपरातही आलं होतं. खिडकीवरची मुलगी चांगली होती, आतून विचारून आली, म्हणाली आत्ता आलेली नाहीये आजी, आली तरी आधी गरोदर बायकांना. ते योग्यच आहे. पण मग आमचा नंबर कधी, तर ते तिला माहीत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाहीच, तो कार्यक्रम मुळात बाळांचा आणि गर्भवतींचा. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढचे एक कोटीच्या वर होते, आता किती असतील हिशोब करा. सगळ्यांना फुकट द्या असं मी म्हणत नाही, परवडतं त्यांनी पैसे भरावेत, मी भरीन. पण मे महिन्यात आठवड्याचा एक दिवस ठरवा, दवाखान्यातच लस ठेवा, तिथेच टोचा. १ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांसाठी कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा मांडव घातले होते, खुर्च्या, पाणी, टोकन, टोचल्यावर अर्धा तास बसवायचे, सगळं जमलं होतं. आमच्या वॉर्डात तर नव्वदीच्या एका आजींना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. म्हणजे येतं आपल्याला.

आणि हे पुण्यात! मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं. राष्ट्रीय विषाणू संस्था इथे, १९५२ पासून. जगाला लसी पुरवणारा कारखाना इथे हडपसरला, २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकात मारायची लस त्यांनीच काढली होती. आणि देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये ह्याच शहरात गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. ज्यांनी तो ऑगस्ट पाहिलाय त्यांना नायडू हॉस्पिटलबाहेरची रांग आठवत असेल, शाळा बंद, थिएटर बंद, बायका स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर, आणि प्रत्येकाच्या रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मी पण हुंगत होते, खोटं कशाला बोलू. वर्गात ५० पोरं आणि सगळा वर्ग देवघरासारखा वासाचा. तोच स्वाइन फ्लूचा एच१एन१ आज साध्या हंगामी फ्लूतला एक होऊन दर पावसाळ्यात येतो, पण आता त्याचं नाव व्हायरल झालंय त्यामुळे कोणी घाबरत नाही. तेव्हा जरा जास्तच घाबरलो होतो, आता अजिबातच नाही.

आमच्या कट्ट्यावर मी जूनमध्ये हात वर करायला लावले. त्या दिवशी ४३ जण होते. कोरोनाची लस घेतलेले ४३. फ्लूची कधी आयुष्यात घेतलेले पाच, त्यातले दोन मी आणि हे, आणि एक सैन्यातून निवृत्त झालेले. मग जी प्रश्नोत्तरं झाली ती तासभर चालली. एक काका म्हणाले मी न्यूमोनियाची घेतलीये, झालं ना. नाही झालं, ती वेगळी, ती दर वर्षी लागत नाही, ही दर वर्षी, पण ती पण चांगलीच आहे. दुसरे म्हणाले ह्या लसीनंच फ्लू होतो, माझ्या साडूला झाला. टोचायच्या लसीत विषाणू मेलेला असतो, मेलेला कसा आजारी पाडेल, साडूंना बहुतेक दोन आठवड्यांच्या आतच दुसरीकडून झाला असेल. तिसऱ्या आजी म्हणाल्या मला ३० वर्षांत सर्दी नाही. त्यांना मी काही बोलले नाही, दृष्ट लागायची.

खरी पंचाईत झाली अंड्याची. ह्या लसी बहुतेक कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनवतात हे मी उत्साहात सांगून बसले आणि चार जणी मागे सरकल्या. अॅलर्जीचं नव्हतं, सोवळ्याचं होतं. (अॅलर्जी असली तरी आता अमेरिकेत नुसत्या अंड्याच्या अॅलर्जीसाठी वेगळी खबरदारी लागत नाही असं सांगतात, पण ज्याला लसीचीच जोरदार रिअॅक्शन आलीये त्यानं डॉक्टरांना विचारावं.) ह्यांतल्या एक काकू कांदा-लसूण पण खात नाहीत. म्हणाल्या, चातुर्मासात मला नाही चालणार. मी म्हटलं काकू, मग तर फारच सोपं झालं, चातुर्मास आषाढी एकादशीला लागतो, लस त्याच्या आधीच घ्यायचीये! तेव्हापासून मी तारीख अशीच सांगते. अक्षय्य तृतीया झाली की डॉक्टरांना विचारायचं, वटपौर्णिमेच्या आत टोचून मोकळं व्हायचं. पालख्या पुण्यात येतात, शाळा सुरू होतात, त्याच्या आत अंग तयार पाहिजे. पुढे गणपतीची गर्दी तर आहेच. मे महिना, हंगामपूर्व, असलं काही सांगितलं की विसरतात, वटपौर्णिमा कोणी विसरत नाही. त्या काकूंनी घेतली बरं का. अंड्याचं सुनेला सांगू नका म्हणाल्या, म्हणून नाव लिहीत नाही.

त्याच दिवशी वाईकडच्या एका आजोबांनी मानमोडीची गोष्ट सांगितली, त्यांच्या आईकडून ऐकलेली. १९१८ चा इन्फ्लुएन्झा, मुंबई बंदरात जूनमध्ये उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गावोगाव पसरला, देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. त्यांच्या गावात एका वाड्यात सकाळी चूल पेटली नाही म्हणून लोकांनी दार उघडून बघितलं. तेव्हा तरणीताठी माणसं गेली जास्त. आता दर वर्षीचा जो फ्लू येतो तो आमच्यासारख्यांना गाठतो, एवढाच फरक. सगळे गप्प झाले. मला ते आवडलं नाही खरं तर, घाबरवून लस घ्यायला लावणं मला पटत नाही, पण दुसऱ्या दिवशी सहा जणांनी केमिस्टचा नंबर मागितला हेही खरं.

लसीचा उपयोग किती, हेही सरळ सांगायला हवं, नाहीतर लोकांचा विश्वास उडतो. स्ट्रेन चांगले जुळले तर एकूण लोकांमध्ये आजार साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, आणि वय वाढलेल्यांत त्याहून कमीच, कारण आमच्या अंगाला लसीचा धडा लवकर पाठ होत नाही. म्हणून तर नणंदेला तिकडे लसीचा जोर वाढवणारं द्रव्य घातलेली वेगळी देतात, आणि अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांना चौपट डोसवाली मिळते, साध्या लसीत एका स्ट्रेनचे १५ मायक्रोग्रॅम तर तिच्यात ६०. आपल्याला साधी मिळाली तरी घ्यावी. पावसात छत्री नेली तरी पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतोच, पण म्हणून कोणी छत्री घरी ठेवून जात नाही. फ्लू झालाच तर आयसीयूपर्यंत जायची वेळ कमी येते, मला तेवढं पुरे आहे, मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर नऊ रात्री काढल्यात.

ह्याच आठवड्यात मी बँकेत हयातीचा दाखला देऊन आले. त्याच्यासाठी बँकेचे तीन मेसेज आले, एक फोन आला, आमच्या शाळेच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी आठवण करतंय, अंगठा उमटत नाही तर डोळ्यांनी करा, मोबाइलवर करा, फार म्हातारे असतील तर घरी येऊन करतो. म्हणजे आमच्यासारख्या लाखो म्हाताऱ्यांना एका ठरलेल्या महिन्यात एक काम करायला लावण्याची यंत्रणा आहे की आपल्याकडे, चोख आहे. तोच मेसेज मे महिन्यात का नाही जाऊ शकत? पेन्शन खाती त्यांच्याकडे, मोबाइल नंबर त्यांच्याकडे, वय त्यांच्याकडे. नोव्हेंबरात विचारतात जिवंत आहात का, तर मे महिन्यात तेवढं सांगा की जिवंत राहायचं असेल तर एकदा डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. आणि डॉक्टर मंडळींना विनंती, बीपीची गोळी लिहिता त्याच कागदावर वर्षातून एकदा फ्लूची लस एवढं लिहा. आम्ही तुमचं ऐकतो हो. माझं कोण ऐकतंय, मला कट्ट्यावर चातुर्मासापर्यंत जावं लागलं.

तुम्हाला एवढंच सांगणं की तो लेख वाया घालवू नका. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी परत छापा, महिना बदलून. आणि फोटोत बर्फ नको, आमच्या इथलेच कोणीतरी छत्रीवाले आजोबा घ्या. दादा तयार आहे, त्यानं मे महिन्यात टोचून घेतली आहे आणि फाटकापर्यंत चालत येऊन फोटो देईन म्हणतो.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
हिंगणे, पुणे

ता. क. : ज्यांनी ह्या वर्षी मे महिन्यात घेतली नाही त्यांनी माझं पत्र वाचून आता पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबू नये, तसं मला म्हणायचं नाहीये. जानेवारी-मार्चची लाट आहेच, २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ किती पसरला होता आठवा. आत्ता ताजी एनएचवाली मिळते ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि पुढची कधी घ्यायची तेही त्यांनाच विचारावं. फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर मधल्या कप्प्यात, दारात नाही, बर्फात तर नाहीच. हे शेवटचं वाक्य आमच्या ह्यांनी स्वतः टाइप केलं आहे.